पक्के घर, तापलेले घर

मागच्या उन्हाळ्यात आरमोरीजवळच्या एका गावी एका भगिनीच्या नव्या घरकुलाच्या गृहप्रवेशाला आम्ही गेलो होतो. सकाळी बुद्धवंदना झाली, परित्राणपाठ झाला, खीर वाटली गेली. भिंतींना निळा रंग दिलेला, समोर बाबासाहेबांची व तथागतांची तसबीर, दाराला नवे कुलूप. त्या भगिनीच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून आम्हालाही भरून आले. तिच्या आजोबांनी जन्मभर कुडाच्या भिंतीत दिवस काढले, वडिलांनी मातीच्या. पक्के घर पाहणारी तिची ही पहिलीच पिढी.

पण अकरा वाजले आणि पाहुणे एकेक करून बाहेर निघू लागले. बारा वाजता घरात कोणी उरले नाही. जेवणाच्या पंगती कडुनिंबाखाली बसल्या. बाळंतीण म्हणून माहेरी आलेली मुलगी आपले दीड महिन्याचे लेकरू घेऊन शेजारच्या जुन्या कवेलूच्या घरात जाऊन निजली. पुढच्या खोलीवर स्लॅब पडली होती. पैसे संपले म्हणून मागच्या स्वयंपाकाच्या खोलीवर टिना टाकल्या होत्या. घरची म्हातारी आजी आम्हाला म्हणाली, "घर तं पक्कं झालं जी, पर दुपारी आत बसवत नाही. जीव कासावीस होते. कवेलूच्या घरात असं नव्हतं."

आजीचे हे बोलणे आम्ही घरी घेऊन आलो आणि ते अजून मनातून गेलेले नाही. म्हणून या वेळी या स्तंभात घराच्या उष्णतेबद्दल आणि तिच्यासाठी केलेल्या कायद्याबद्दल लिहीत आहोत. असा काही कायदा आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

आपला प्रदेश तापणारा आहे हे सांगायला नको. वैनगंगेच्या पलीकडचे ब्रह्मपुरी, खाली चंद्रपूर, वर नागपूर ही नावे दर मे महिन्यात देशातील सर्वांत तप्त गावांच्या यादीत असतात. पारा ४५-४६ अंशांवर जाणे ही आता बातमी राहिली नाही. उन्हात काम करणाऱ्याला ऊन लागते हे आपण जाणतो. घरात बसलेल्यालाही उष्माघात होऊ शकतो, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. म्हातारी माणसे, तान्ही मुले, बाळंतिणी आणि आजारी माणसे तर दिवसभर घरातच असतात.

त्यात आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजार आहे. आदिवासी बांधवांत आहे, आपल्या समाजातही आहे. ज्या घरात सिकलसेलचा रुग्ण आहे, त्या घरातील माउलीला विचारावे. अंगातले पाणी कमी झाले की त्या लेकराच्या हाडा-सांध्यांत कळा उठतात आणि रात्र रात्र ते तळमळते. अशा लेकराला तापलेल्या टिनाखाली ठेवणे म्हणजे दुखण्याला आमंत्रण देणे होय. घर गार असणे ही चैनीची गोष्ट नाही, ही आरोग्याची गोष्ट आहे.

आता कायद्याकडे वळू.

केंद्र सरकारने २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा केला. त्या कायद्याखाली २००२ साली ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला. पंख्यावर, फ्रिजवर चांदण्यांचे जे लेबल असते, ते याच ब्युरोचे. या ब्युरोने २००७ साली इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता तयार केली आणि २०१७ साली ती अधिक कडक केली. २०१७ च्या संहितेप्रमाणे बांधलेली इमारत साध्या इमारतीपेक्षा सुमारे २५ टक्के वीज वाचवते, आणि तिच्याच वरच्या पायरीची इमारत ५० टक्क्यांपर्यंत वाचवू शकते, असा हिशेब धरलेला आहे. ही संहिता कार्यालये, रुग्णालये, हॉटेले, दुकाने यांच्यासाठी होती. राहत्या घरांसाठी डिसेंबर २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' आली. २०२२ साली मूळ कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या. २०२४ साली या दोन्ही संहितांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या.

संहिता हा शब्द ऐकून वाचक भगिनींनी पान उलटू नये. त्यात जे सांगितले आहे ते आपल्या आजीला आधीच ठाऊक होते. फरक इतकाच की तेथे ते आकड्यांत मांडले आहे.

पहिली गोष्ट छताची. आपल्याकडची घरे बहुतेक एकमजली, त्यामुळे सर्वांत जास्त ऊन छतावर पडते. संहिता म्हणते, छताच्या आतल्या व बाहेरच्या तापमानात १ अंशाचा फरक असेल, तर छताच्या दर चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येता कामा नये. नुसती सिमेंटची उघडी स्लॅब याच्या कितीतरी पट उष्णता आत सोडते. स्लॅबचा आणखी एक दुर्गुण आहे. ती दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते घरात ओकते. टिना लवकर तापतात आणि लवकर निवतात. स्लॅब मात्र रात्री दहा-अकरापर्यंत हात लावू देत नाही. पुरुष मंडळी अंगणात खाट टाकून झोपतात. तरण्या मुलींना व सुनांना ते नेहमी जमते असे नाही. घराची ही रात्रीची उष्णता बायकांच्याच वाट्याला अधिक येते, हे आम्हाला येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

दुसरी गोष्ट रंगाची. व्यापारी इमारतींच्या २०१७ च्या संहितेत सपाट छतासाठी असे सांगितले आहे की, छताने अंगावर पडलेल्या उन्हाचा निदान ६० टक्के भाग परत फेकला पाहिजे. पांढरे छत हे करू शकते. काळपट पडलेली स्लॅब बहुतेक ऊन पिऊन टाकते.

तिसरी गोष्ट खिडकीची. इको निवास संहितेत हवामानाचे गट पाडले आहेत. नागपूर ज्या संमिश्र हवामानाच्या गटात येते, त्या गटात घराच्या चटई क्षेत्राच्या निदान १२.५ टक्के जागा उघडणाऱ्या दारा-खिडक्यांची असावी, असा नियम आहे. आम्ही कागदावर हिशेब करून पाहिला. घरकुल २६९ चौरस फुटांचे, म्हणजे २५ चौरस मीटरचे. त्याचे १२.५ टक्के म्हणजे साधारण ३४ चौरस फूट. तीन बाय साडेसहाचे एक दार आणि तीन बाय चारची एक खिडकी धरली तर साडेएकतीस फूट होतात. दोन फूट कमी पडले. समोरासमोर दुसरी खिडकी काढली की हिशेब पुरा होऊन वर उरतो, आणि वारा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जातो. सरकत्या काचेची खिडकी असेल तर ती अर्धीच उघडते, म्हणून अर्धीच मोजायची. एका जादा खिडकीचा हा प्रश्न आहे. आम्ही पाहिलेल्या त्या नव्या घराला एकच खिडकी होती.

मग हा नियम त्या घराला का लागला नाही? तो त्या घरासाठी केलेलाच नाही, म्हणून. २०१८ ची इको निवास संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींसाठी आहे. व्यापारी इमारतींची संहिता १०० किलोवॅट वीजभार किंवा १२० केव्हीए मागणी असलेल्या इमारतींना लागू होते. २०२२ च्या दुरुस्तीतही मर्यादा तीच आहे. राज्य सरकारला ही मर्यादा खाली आणण्याची मुभा मात्र दिलेली आहे. ज्या घरात दोन दिवे, एक पंखा आणि फार तर एक कूलर आहे, त्याचा वीजभार अर्धा किलोवॅटही भरत नाही. आरमोरीत १०० किलोवॅटच्या इमारती किती असतील, ते वाचकांनीच बोटांवर मोजावे.

आणखी एक पाहा. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० मध्ये बहुतेक सर्व नगरपालिका क्षेत्रांसाठी एकच बांधकाम नियमावली मंजूर झाली. आरमोरीसारख्या नगरपरिषदेलाही तीच लागू. तिच्यात हरित इमारतीला बक्षीस आहे. मानांकन मिळवणाऱ्याला दर्जाप्रमाणे ३, ५ किंवा ७ टक्के जादा बांधकाम करता येते. जो उंच इमारत बांधून विकतो त्याला या बक्षिसाचा उपयोग आहे. २६९ फुटांच्या घरकुलाला ७ टक्के जादा बांधकामाचा काय उपयोग? बांधायला पैसे कोठे आहेत? नियम वर आहे, बक्षीसही वर आहे, आणि ऊन तेवढे खाली आहे.

येथे कोणी विचारील, आणि विचारावेच, की म्हणजे आता घरकुलालाही कडक नियम लावायचे काय? या प्रश्नाला आम्ही हलके समजत नाही. घरकुलाच्या हप्त्यासाठी आपल्या माणसांना किती खेटे घालावे लागतात, हे आम्ही जवळून पाहिले आहे. जातीचा दाखला, जागेचा उतारा, फोटो, पुन्हा फोटो. एका ठिकाणी एका विधवा भगिनीने मागच्या भिंतीला खिडकी हवी म्हटले, तर "ते नकाशात बसत नाही" असे उत्तर तिला मिळाले. अशा ठिकाणी आणखी एक नियम गेला, तर तो माणसाला सावली देण्याऐवजी त्याचा हप्ता अडवण्याचे आणखी एक निमित्त होईल, ही भीती खोटी नाही.

पैशाचेही तसेच. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू झाली, तेव्हा सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम भागासाठी १ लाख ३० हजार रुपये ठरले. सिमेंट, लोहा, गिट्टी, रेती यांचे भाव ज्याने त्या वर्षांत दिले, त्याला विचारा की या पैशांत काय काय झाले. रमाई घरकुलाची कथा वेगळी नाही. पैसे संपतात ते नेमके छताशी येऊन. म्हणून छताच्या नियमाचा भार घर बांधणाऱ्या गरिबावर टाकला, तर तो अन्याय होईल.

आमचे म्हणणे असे आहे. नियम लाभार्थ्यावर नको, योजनेवर असावा. जे खाते नकाशा देते, त्याने नकाशात समोरासमोर दोन खिडक्या दाखवाव्यात. जे खाते अंदाजपत्रक करते, त्याने छताच्या वरच्या पांढऱ्या थराचा खर्च त्यात धरावा. हप्ता देताना खिडकी नाही म्हणून पैसे रोखू नयेत. खिडकीचे पैसे दिले गेले की नाही हे तपासावे. नियम कडक असावा तो देणाऱ्यासाठी. घेणाऱ्यासाठी तो हक्क असावा.

हे अशक्य नाही. सिरोंच्याला प्राणहिता-गोदावरी ओलांडली की तेलंगणा राज्य लागते. त्या राज्याने एप्रिल २०२३ मध्ये शीतल छताचे धोरण जाहीर केले. सरकारी आणि व्यापारी इमारतींना ते सक्तीचे केले, ६०० चौरस यार्ड व त्यावरच्या भूखंडावरील घरांना सक्तीचे केले आणि त्याखालच्या लहान घरांना ऐच्छिक ठेवले. २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छत असे करण्याचे उद्दिष्ट त्यांनी ठेवले आहे. आपल्याच जिल्ह्याला लागून असलेले, तितकेच तापणारे ते राज्य आहे. नदीच्या पलीकडे जे सुचले ते अलीकडे का सुचू नये?

दिल्लीची संहिता ही नमुना असते. राज्याने आपल्या हवामानाप्रमाणे तिच्यात फेरबदल करून ती लागू करायची असते, आणि बांधकामाची परवानगी देणाऱ्या स्थानिक संस्थेने ती विचारायची असते. जोपर्यंत परवानगीच्या टेबलावर "छत कसे आहे, खिडक्या किती आहेत" असे कोणी विचारत नाही, तोपर्यंत संहिता कपाटात राहते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना राज्यघटनेत स्थान मिळाले. बाराव्या अनुसूचीत जी कामे आहेत, त्यात नगररचना आणि इमारतींच्या बांधकामाचे नियमन ही कामे आहेत. आरमोरीची नगरपरिषद राज्याची नियमावली स्वतः बदलू शकत नाही, हे खरे. पण आपल्या मालकीच्या इमारती कशा असाव्यात हे ती ठरवू शकते, आणि राज्याकडे ठराव करून पाठवू शकते. खेड्यात ग्रामसभा हेच करू शकते. सुरुवात अंगणवाडी, शाळा, दवाखाना आणि समाजमंदिर यांपासून करावी. ही छते पांढरी झाली की लोक स्वतः आत बसून फरक पाहतील. अनुभवासारखा दुसरा प्रचार नाही.

विजेची गोष्ट निघाली की आम्हाला बाबासाहेबांची आठवण होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज हा विषय तेव्हा त्यांच्या खात्याकडे होता. युद्धानंतर देशाची वीज कशी वाढवावी याच्या धोरणाचे काम त्यांनी केले. सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड त्यांच्याच काळात स्थापन झाले. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली तरच उद्योग वाढतील व गरिबाच्या हाताला काम मिळेल, हा त्यांचा विचार होता. आज चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे. कोळसा आपल्या मातीतला, राखही आपल्याच अंगणात. त्या विजेने दूरच्या शहरांतील काचेच्या इमारती थंड होतात, आणि येथे म्हातारी माणसे टिनाखाली शिजतात. इमारतींनी वीज कमी खावी असा नियम झाला, तर त्याचा अर्थ गरिबाने पंखा बंद करावा असा नाही. ज्यांच्या इमारती जास्त खातात त्यांनी कमी खावे, आणि ज्यांच्या घरात कधी गारवा नव्हता त्यांना तो मिळावा, असा त्याचा अर्थ आहे.

एक खुलासा करतो. आजीने कवेलूच्या घराचे गुण गायिले, म्हणून आम्ही कोणाला मातीच्या घरात परत जा असे सांगत नाही. मातीच्या भिंती पावसात खचतात, कवेलू दरवर्षी फेरावे लागतात, साप-विंचू येतात. २०२० साली ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला जो पूर आला, त्यात किती भिंती बसल्या हे नदीकाठच्या लोकांना माहीत आहे. शिवाय त्या मातीच्या घरांची जागा गावाबाहेर होती, हेही आपण विसरलेलो नाही. पक्के घर हा आपल्या माणसांचा सन्मान आहे. आमचे मागणे इतकेच की पक्क्या घरात जुन्या घराचा गारवाही असावा. ते करता येते. केरळात लॉरी बेकर यांनी स्लॅबच्या आत कवेलू घालून छत भरण्याची पद्धत रूढ केली. तिने सिमेंट-लोहा वाचतो आणि उष्णताही कमी होते.

सरकार जागे होईपर्यंत आपण हात बांधून बसू नये. पुढील गोष्टी घरच्या घरी होतात.

स्लॅबवर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात द्यावेत. आधी छत झाडून धुऊन घ्यावे. चुना विझवताना व लावताना डोळे जपावेत, मुलांना जवळ येऊ देऊ नये. पावसात तो धुऊन जातो, म्हणून दरवर्षी लावावा. टिनांवर चुना टिकत नाही, तेथे पांढरा रंग लावावा.

टिनांच्या खाली हातभर अंतर सोडून बांबूचे तट्टे बांधावेत. बांबू आपल्या जिल्ह्यात भरपूर आहे आणि विणणारे हातही आहेत. मधल्या पोकळीतली गरम हवा निघून जावी म्हणून दोन्ही टोकांना झरोके ठेवावेत. चुलीपासून तट्टे दूर असावेत.

घर अजून बांधायचे असेल तर समोरासमोर दोन खिडक्यांचा आग्रह धरावा. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी असेल तर वर छज्जा काढावा. त्या बाजूला कडुनिंब लावावा. पाच वर्षांत तो सावली देतो आणि हप्ता मागत नाही.

नवा पंखा घेताना चांदण्या पाहून घ्यावा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना हे लेबल सक्तीचे झाले आहे. जुना पंखा ७५ वॅटचा असतो, नवा चांगला पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात.

आणि शेवटची गोष्ट. येत्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या सभेत महिला मंडळाने एक अर्ज द्यावा. अंगणवाडीचे आणि शाळेचे छत या उन्हाळ्याआधी पांढरे करा, आणि घरकुलाच्या नकाशात दुसरी खिडकी दाखवा. दोनच ओळी पुरेत. अर्जाची पोच घ्यावी व ती जपून ठेवावी.

गृहप्रवेशाच्या त्या दिवशी निघताना आम्ही त्या भगिनीला विचारले, घर कसे वाटते? ती म्हणाली, "माझं हाय ना जी." या उत्तरापुढे आम्हाला काही बोलता आले नाही. जे तिचे आहे, त्यात तिला दुपारीही बसता यावे, तिच्या लेकीला तिथे बाळंतपण काढता यावे, आजीला खाट टाकून निजता यावे. घर म्हणतात ते याला. तोवर त्या भिंती पक्क्या आहेत, एवढेच म्हणता येईल.

पुढच्या मार्चमध्ये आम्ही पुन्हा आरमोरीला जाणार आहोत. जाताना चुन्याची एक पिशवी सोबत नेणार आहोत. वाचकांनीही आपल्या आप्तांकडे जाताना तसेच करावे, ही विनंती.

जय भीम.